जुन्या मोटर यॉटचे दिवे बदलायचेत? बोट मुंबईत, पण निम्मं काम नाशकातच

बोट मुंबईच्या बंदरात आणि मालक नाशकात, अशी काही हौशी मंडळी आपल्याकडे आहेत. चौघा-पाच जणांनी मिळून घेतलेली, वीस-पंचवीस वर्षं जुनी, चाळीस फुटांच्या आसपासची, कुठल्यातरी परदेशी कारखान्यात बांधलेली मोटर यॉट. इंजिनं ठणठणीत, फायबरचा सांगाडा शाबूत, आणि केबिनमधले निम्मे दिवे मात्र गेलेले. हा लेख त्यांच्यासाठी आहे. गंगापूर धरणाच्या पाण्यावर छोटी बोट चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल; खाऱ्या हवेचा ताप त्यांना नाही, एवढाच फरक.

‘बल्बच तर बदलायचाय’ म्हणत रविवारी पहाटे गाडी काढली, की दिवस वाया जाणार हे धरून चाला. बोटीवर पोचल्यावर कळतं की होल्डर घरच्यासारखा नाही. बसला तर बल्ब पेटत नाही. पेटला तर इंजिन सुरू केल्यावर उडतो. मग भर उन्हात बंदराजवळ दुकान शोधायचं, आणि तिथे जे मिळेल ते गळ्यात मारून घ्यायचं. त्यापेक्षा काम दोन खेपांत वाटून घ्या. पहिली खेप निव्वळ पाहणीची. मधल्या आठवड्यात नाशकात खरेदी आणि घरच्या टेबलावर चाचणी. दुसऱ्या खेपेला फक्त बसवायचं. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून ठेवली असेल तर पाहणी तेव्हाच उरका. बोट हलत नाही, शिडी लावता येते, बाहेरचे दिवे हाताशी येतात.

पाहणीच्या खेपेला काय न्यायचं

मल्टिमीटर, सहा इंची स्टीलची पट्टी किंवा व्हर्निअर, डोक्याला लावायचा टॉर्च, बारीक आणि मध्यम स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी, मार्कर पेन, झिपची छोटी पाऊचं आणि एक वही. फोटो मोबाइलवर निघतीलच, पण वहीत बोटीचा ढोबळ नकाशा काढून प्रत्येक दिव्याला नंबर द्या. तोच नंबर चिकटपट्टीवर लिहून दिव्याला लावा आणि काढलेला बल्ब त्याच नंबरच्या पाऊचमध्ये टाका. हे काम कंटाळवाणं आहे. तरीही करा, कारण जुन्या बोटीत आधीच्या तीन मालकांनी तीन तऱ्हेचे दिवे बसवलेले असतात आणि एकाच केबिनमधले दोन दिवे दिसायला जुळे असले तरी आतून सारखे असतीलच असं नाही.

सगळ्यात आधी व्होल्टेज

घरात आपल्याला २३० व्होल्ट एसी माहीत असतं. बोटीवर दोन, कधी तीन व्यवस्था शेजारी-शेजारी नांदतात. मुख्य दिवे बॅटरीवर, म्हणजे १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर. शिवाय किनाऱ्यावरून केबलने किंवा जनरेटरमधून येणारा एसी. युरोपात बांधलेल्या बोटीत २३० व्होल्टचा, अमेरिकनमध्ये बहुधा १२० व्होल्टचा. काही बोटींत इंजिन २४ व्होल्टवर आणि केबिन १२ वर असते. त्यामुळे बॅटऱ्या मोजून अंदाज बांधू नका. थेट दिव्याच्या होल्डरवर मीटर लावा. विश्रांतीत असलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ दाखवते, २४ ची त्याच्या दुप्पट.

चार्जर किंवा ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चालू झाला की १२ चे १४.४ होतात आणि २४ चे २८.८. बल्ब हेच व्होल्टेज सोसायला हवा. इंजिन सुरू केल्यावर बल्ब उडतो म्हणून लोक बल्बला शिव्या घालतात, तेव्हा बहुतेकदा ‘फक्त १२ व्होल्ट’ साठी बनलेला स्वस्त एलईडी साडेचौदावर भाजून निघालेला असतो.

आणखी एक चकवा. घरच्यासारखाच दिसणारा आट्यांचा किंवा पिनांचा मोठा होल्डर बोटीवर १२ किंवा २४ व्होल्टचाही असू शकतो, कारण तशा होल्डरचे कमी व्होल्टचे बल्ब जहाजांसाठी बनतातच. घरचा ९ वॉटचा एलईडी त्यात लावला तर पेटणार नाही, एवढंच. उलट झालं, म्हणजे २४ व्होल्टचा बल्ब २३० मध्ये गेला, तर काच फुटून तोंडावर येईल. म्हणून अशा प्रत्येक होल्डरजवळ मार्करने व्होल्टेज लिहून ठेवा.

तारांच्या रंगावर घरच्या सवयीने विश्वास टाकू नका. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकन बोटीत एसीची काळी तार ही फेज असते आणि त्याच बोटीत डीसीची काळी तार ही निगेटिव्ह. दोन्ही एकाच पॅनेलमागे. हात घालण्यापूर्वी किनाऱ्याची केबल काढा, जनरेटर बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. इन्व्हर्टर हमखास विसरला जातो आणि केबल काढलेली असतानाही बॅटरीवरून एसी तयार करत बसतो. १२-२४ व्होल्टच्या डीसीला सहसा करंट लागत नाही हे खरं, पण बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी किंवा कडं अडकलं तर ते क्षणात लालभडक होतं. हातातलं सगळं काढून खिशात ठेवा. बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला म्हणजे सगळं मेलं असंही समजू नका. बिल्ज पंपासारख्या गोष्टी थेट बॅटरीवर असतात. बोटीत साचलेलं पाणी उपसणारा हा पंप चालूच राहायला हवा, त्याला धक्का लावू नका.

होल्डर ओळखणं

खरं काम इथे आहे. जुन्या यॉटवर सगळ्यात जास्त भेटतो तो दाबून फिरवायचा पिनांचा बल्ब, आपल्या ट्रकच्या इंडिकेटरमध्ये असतो त्या घराण्यातला. त्याच्याकडे चार गोष्टी बघायच्या.

पहिली, पितळी टोपीचा व्यास. १५ मिलिमीटर भरला तर बीए१५, ९ भरला तर बीए९. छोटा वाचनदिव्यात किंवा डॅशबोर्डमध्ये सापडतो. दुसरी, बाजूच्या दोन पिना. दोन्ही एकाच उंचीवर आणि समोरासमोर असतील तर तो साधा बीए. एक वर, एक खाली असेल तर बीएवाय. उंची एकच पण समोरासमोर नसून जरा एका बाजूला सरकलेल्या असतील तर बीएयू. तिसरी गोष्ट, बुडाला शिशाचे टिपके किती. एक असेल तर नावाच्या शेवटी ‘एस’, दोन असतील तर ‘डी’. चौथी, आत फिलामेंट एक की दोन, आणि ते उभं की आडवं. ही चौथी गोष्ट बाहेरच्या दिव्यांसाठी जीव की प्राण आहे. ते पुढे येईलच.

दोन टिपक्यांवरून बहुतेकांची फसगत होते. गाडीत लोखंडी बॉडी हीच निगेटिव्ह, म्हणून बल्बला खाली एक टिपका पुरतो. दुसरं टोक टोपीतून बॉडीला जातं. फायबरच्या बोटीला अशी बॉडीच नाही, आणि धातूच्या बोटीत करंट सांगाड्यातून फिरवला तर सांगाडा गंजतो. म्हणून बोटीवर दोन्ही तारा स्वतंत्रपणे बल्बपर्यंत आणतात. तिथला बीए१५डी दोन टिपक्यांचा असला तरी आत फिलामेंट एकच असतं. ट्रकच्या दुकानात ‘दोन पॉइंटचा द्या’ म्हणालात, की हातात पडतो २१/५ वॉटचा ब्रेक-टेलचा बल्ब, दोन फिलामेंटचा, पिना वर-खाली असलेला. तो या होल्डरमध्ये जाणारच नाही, आणि जोर लावून घातलात तर होल्डर जाईल.

केबिनच्या छतात जिथे बशीसारखे गोल दिवे असतात तिथे बहुधा हॅलोजन असतो. दोन बारीक तारांचा, बोटाच्या पेराएवढा बल्ब म्हणजे जी४. पिनांमधलं अंतर ४ मिलिमीटर. वाटीसारखा आरसा असलेला असेल तर तोंडाचा व्यास मोजा: ३५ मिलिमीटर म्हणजे एमआर११, ५० म्हणजे एमआर१६. एमआर१६ च्या पिना ५.३ मिलिमीटरवर असतात. जी४ च्या जागी चपट्या चकतीचा एलईडी बसतो, पण पिना चकतीच्या मागून निघतात की कडेने, हे दिव्याची खोली बघून ठरवा. मागच्या पिनांची चकती उथळ दिव्यात बसवली की झाकण लागत नाही.

गाडीच्या छतात असतो तसा, दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा बल्ब कपाटांत आणि पायऱ्यांवर मिळतो. ३१, ३६, ३९, ४२ मिलिमीटर अशा त्याच्या लांब्या. बल्बबरोबर त्याला धरणाऱ्या पट्ट्यांमधलं अंतरही मोजा. जुन्या पट्ट्या वाकून सैल झालेल्या असतात आणि बल्ब बरोबर असूनही लुकलुकतो.

स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि इंजिनरूममध्ये ८ वॉटची छोटी ट्यूब असायची, एक फुटाहून जरा आखूड. तिच्या पट्टीतच १२ किंवा २४ व्होल्टचा चोक असतो. नळीच्या टोकांना काळे डाग पडले असतील तर दोष नळीचा. नळी नवी घालूनही फक्त टोकंच लाल होत असतील तर चोक गेला. अशा वेळी मी चोक शोधत बसत नाही; पट्टी ठेवायची, आतलं काढून टाकायचं आणि ॲल्युमिनिअमच्या चॅनेलमध्ये त्या व्होल्टेजची एलईडी पट्टी बसवायची. नुसती गोंदावर चिकटवलेली पट्टी एप्रिल-मेच्या उकाड्यात खाली लोंबते.

नाशकात खरेदी

बोट २४ व्होल्टची असेल तर नाशिककर नशीबवान. आपल्याकडचे बरेच ट्रक आणि बस २४ व्होल्टवर चालतात आणि द्वारका, आडगाव नाका भागातल्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानांत त्यांचे बल्ब खोक्यांनी पडलेले असतात. २४ व्होल्ट ५ वॉट, १० वॉट, २१ वॉट, बीए१५एस हे सगळं तिथे मिळतं. १२ व्होल्टचं कार आणि बाइकच्या दुकानांत. काउंटरवर गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘दादा, गाडी कोणती?’ बोट म्हणालात तर दुकानदार हसेल, आणि मग दुकानातले चार जण बोटीच्या गप्पा मारतील. गाडीचं नाव सांगायच्या फंदात न पडता नंबर लिहिलेलं पाऊच समोर ठेवा आणि ‘असाच, चोवीसचा, एक पॉइंटचा’ असं म्हणा. चांगला दुकानदार बल्ब देण्याआधी काउंटरखालच्या बॅटरीच्या दोन चिमट्यांना लावून दाखवतो. न दाखवणाऱ्याकडे हक्काने मागा.

जी४, एमआर१६ आणि एलईडी पट्ट्या इलेक्ट्रिकच्या घाऊक दुकानांत मिळतात. फक्त एमआर१६ घेताना व्होल्टेज वाचा. तसाच दिसणारा, मोठ्या पिनांचा २३० व्होल्टचा दिवा शेजारच्याच कप्प्यात असतो. बीए१५डी, रंगीत आणि प्रमाणित नेव्हिगेशन लाइट (रात्री दुसऱ्या बोटींना दिसणारे बाहेरचे दिवे) मात्र इथे शोधण्यात वेळ घालवू नका. ते बोटीचं सामान विकणाऱ्यांकडूनच मागवा, ऑनलाइन किंवा मुंबईतून, आणि हाती पडल्यावरच दुसऱ्या खेपेची तारीख ठरवा.

एलईडी की जुनाच?

केबिनमध्ये डोळे झाकून एलईडी. हिशेब सरळ आहे. १० वॉटचे बारा हॅलोजन म्हणजे १२० वॉट. १२ व्होल्टवर १० अँपिअर. संध्याकाळचे पाच तास लावले तर ५० अँपिअर-अवर गेले. शंभरची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये असं म्हणतात, म्हणजे एका संध्याकाळीत ती संपली. तेवढाच उजेड २ वॉटच्या एलईडींनी घेतला तर पाच तासांना १० अँपिअर-अवर लागतात. शिवाय हॅलोजनच्या उष्णतेने छताचं रेक्झिन पिवळं पडतं, कधी करपतं. तो प्रकार थांबतो.

घेताना डब्यावर ‘१० ते ३० व्होल्ट’ अशा पल्ल्याचा उल्लेख हवा. असा एलईडी आत छोटं सर्किट घेऊन येतो, व्होल्टेज वरखाली झालं तरी एकसारखा जळतो आणि १२, २४ दोन्हींवर चालतो. जो नुसताच ‘१२ व्होल्ट’ म्हणतो तो कपाटाच्या दिव्याला ठीक. दुसरं, बीए१५डी होल्डरमध्ये बल्ब दोन्ही बाजूंनी जातो, म्हणजे प्लस-मायनस उलटण्याची शक्यता अर्धी-अर्धी. दोन्ही बाजूंनी पेटणारा, ध्रुवता नसलेला एलईडी मागा. रंग २७०० ते ३००० केल्विन, पिवळसर. पांढऱ्याफटक प्रकाशात जुनं सागवानी लाकूड दवाखान्यातल्या टेबलासारखं दिसतं.

जुना डिमर असेल तर तो एलईडीबरोबर बहुधा फडफडेल. डिमर काढून साधा स्विच लावणं स्वस्त पडतं. फ्यूज मात्र आहे तोच राहू द्या किंवा कमी करा, वाढवायचा नाही. फ्यूज बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो.

एक दिवा मात्र एलईडीत बदलायचा नाही: डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. बऱ्याच जुन्या इंजिनांवर ऑल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दोन-तीन वॉटच्या बल्बमधूनच मिळतो. तिथे एलईडी लावला की करंट पुरत नाही, ऑल्टरनेटर जागा होत नाही आणि बॅटरी चार्ज न होता तुम्ही समुद्रात फिरत राहता. तो बल्ब उडालेला असला तरी हेच होतं. द्वारकेच्या कुठल्याही जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा, तो दोन मिनिटांत समजावून सांगेल.

टेबलावरची चाचणी

बाइकची किंवा घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी, दोन चिमटे आणि प्लसच्या तारेत ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज. २४ साठी दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडा. प्रत्येक नवा दिवा तासभर जळू द्या, मग हात लावून बघा. कोमट चालेल; चटका बसत असेल तर बंद झाकणाच्या दिव्यात तो टिकणार नाही. ध्रुवता नसल्याचा दावा असेल तर चिमटे उलटे करून खात्री करा. आणि एफएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावून दिव्याजवळ न्या. दिवा लावताच खरखर बदलली, तर त्या एलईडीचं सर्किट रेडिओत घाण करतंय. असा दिवा बोटीवर न्यायचा नाही. याचं कारण शेवटी सांगतो.

बसवताना

स्विच बंद, मीटरने खात्री, मग झाकण. जुन्या प्लास्टिकच्या खाचा एका दाबात तुटतात, म्हणून पेच एकदम न काढता आलटून-पालटून सैल करा. निघालेला पेच त्याच भोकात परत जायला हवा. छतातला पेच लांब निघाला आणि वरच्या डेकच्या गाभ्यात घुसला, तर तिथून पाणी मुरायला सुरुवात होते आणि त्याचा खर्च बल्बांच्या शंभरपट येतो.

बल्ब आत दाबा, डावीकडे फिरवा. अडकला असेल तर हात घसरू नये म्हणून रबरी हातमोजा घाला. तरी नाही निघाला तर कापसाच्या काडीवर गंज सोडवणारं तेल घेऊन टोपीच्या कडेला लावा आणि चहा घेऊन या. स्प्रे थेट मारायचा नाही. तेल आणि थिनर लेन्सच्या प्लास्टिकला बारीक भेगा पाडतात. काच फुटलीच, तर चष्मा घालून लांब नाकाच्या पक्कडीने टोपीची कड आतल्या बाजूला वळवा, ती सुटते.

आता होल्डरच्या आत टॉर्च मारून बघा. हिरवट-निळसर भुकटी दिसली तर ती तांब्या-पितळेची खाऱ्या हवेने केलेली माती आहे, आणि दिवा न पेटण्याचं मूळ बहुधा तीच असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, ६०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून आत फिरवा. लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे तुकडे आत राहतात, गंजतात आणि शॉर्ट करतात. बुडाची स्प्रिंग बसकी झाली असेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने अलगद वर उचला. शेवटी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. नसेल तर साधी पेट्रोलियम जेली चालते. हॅलोजनच घालणार असाल तर काचेला बोट लावू नका, कागदात धरून बसवा. बोटाचं तेल तापून काच फुटते.

नवा बल्बही मंद जळतोय? बल्ब बाहेर असताना होल्डरवर १२.५ व्होल्ट आणि बल्ब लावल्यावर ९, असं मीटर सांगत असेल तर वाटेत कुठेतरी सांधा कुजलाय. रिकाम्या होल्डरवरचा आकडा फसवा असतो, मोजायचं ते बल्ब जळत असतानाच. आधी निगेटिव्हची पट्टी तपासा, मग तारेची टोकं. इन्सुलेशन सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर ते काळं संपेपर्यंत तार मागे कापत जा. नवी तार कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, टोकाला धातूची टोपी (लग) दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. तारा पिळून वर काळी टेप मारण्याची घरगुती पद्धत बोटीच्या थरथरीत आणि खारट दमट हवेत एक मोसमही काढत नाही.

बाहेरच्या दिव्यांचं रबरी गॅस्केट कडक झालं असेल तर बदला. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं. तो वासाचा प्रकार तांबं खातो. आणि दिव्याच्या बुडाला सुईएवढं भोक दिसलं तर ते बुजवू नका. आतलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

नेव्हिगेशन लाइट: इथे जुगाड नको

हे दिवे समोरच्या बोटीने तुम्हाला ओळखण्यासाठी असतात. समुद्रातल्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, अमलात आले १९७७ साली, आणि प्रत्येक दिव्याचा रंग, कोन आणि दिसण्याचं अंतर त्यात ठरलेलं आहे. पुढे तोंड करून उभे राहिलात तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, दोन्ही ११२.५ अंशांत. मास्टवरचा (बोटीच्या उंच खांबावरचा) पांढरा पुढच्या बाजूने २२५ अंशांत, मागचा पांढरा १३५ अंशांत.

अंतर बोटीच्या लांबीवर ठरतं. १२ मीटरपेक्षा छोट्या बोटीला बाजूचे दिवे १ सागरी मैलावरून आणि मास्टचा २ मैलांवरून दिसायला हवा. १२ ते २० मीटरच्या बोटीला तेच २ आणि ३ मैल होतात. मागचा दिवा दोन्हींत २ मैल. आता चाळीस फूट म्हणजे १२.१९ मीटर. म्हणजे आपल्यासारख्यांची बोट नेमकी रेषेपलीकडे पडते. कागदपत्रांवरची लांबी बघा आणि त्याप्रमाणे दिवा घ्या, अंदाजे नको.

जुन्या नेव्हिगेशन लाइटमध्ये बल्बचं फिलामेंट उभं असतं आणि लेन्सच्या नेमक्या मध्यावर येतं. त्यामुळेच कोन काटेकोर कापला जातो. तेवढ्याच वॉटचा, पण आडव्या फिलामेंटचा ट्रकचा बल्ब घातला तर दिवा छान पेटलेला दिसतो आणि लाल प्रकाश भलतीकडे सांडतो. जुना बल्बच ठेवायचा असेल तर वॉट, उंची आणि फिलामेंट तिन्ही जुळवा. काही कंपन्यांनी बल्ब वेडावाकडा बसू नये म्हणून वर-खाली पिनांचा होल्डर वापरलाय, तोही नीट बघून घ्या. एलईडीवर जायचं तर लाल-हिरव्या लेन्समागे पांढरा एलईडी कोंबू नका. थंड पांढऱ्या एलईडीत लाल कमी आणि निळा जास्त असतो. लाल लेन्स मंदावते, हिरवी निळसर दिसू लागते. प्रमाणपत्र दिवा आणि बल्ब या जोडीला मिळून असतं, बल्ब बदलला की ते उरत नाही. माझं मत विचाराल तर पैसे केबिनमध्ये वाचवा आणि इथे अख्खे नवे प्रमाणित एलईडी दिवेच बसवा. तारही तपासा, या दिव्यांपर्यंत व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवतात, १२ व्होल्टवर म्हणजे ०.३६.

लेन्स उन्हाने पिवळी आणि रेघारेघांची झाली असेल तर नव्या बल्बाने काहीच होणार नाही. धुतल्यावर डावी-उजवी अदलाबदल झाली नाही ना, तेही बघा. अंधार पडल्यावर एकाने दिवे लावायचे आणि दुसऱ्याने धक्क्यावरून बोटीभोवती फिरायचं. बोटीच्या नाकासमोरून बोटीच्या डाव्या बाजूला सरकलात की हिरवा दिसेनासा व्हायला हवा, उजव्या बाजूला सरकलात की लाल.

नांगराचा पांढरा दिवा सगळीकडून दिसणारा असतो, त्याचा स्विच वेगळा. चालत्या बोटीवर तो लावायचा नाही.

होकायंत्र, इंजिनरूम

होकायंत्राचा छोटा लाल दिवा बदलताना त्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. सरळ समांतर नेल्या तर करंटच्या चुंबकत्वाने सुई ढळते. जवळ लोखंडी पेच नको. बसवून झाल्यावर दिवा चालू-बंद करून सुई हलते का बघा.

इंजिनरूममध्ये जाळीचे, बंद काचेचे दिवेच असावेत. इंजिन पेट्रोलचं असेल तर आधी ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा, वास घ्या, मगच कुठल्याही स्विचला हात लावा. आत ठिणगी न पडणारी फिटिंगच वापरायची. बाजारातला साधा दिवा तिथे चालत नाही.

रेडिओची परीक्षा

काही एलईडींची सर्किटं व्हीएचएफ रेडिओच्या (बोटीवरच्या बोलायच्या वायरलेसच्या) पट्ट्यात गोंगाट सोडतात आणि संकटाचा पुकारा ऐकूच येत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणी सोपी आहे. नवे सगळे दिवे बंद करा. रेडिओ शांत चॅनेलवर लावा आणि स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच ठेवा. आता एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर परतली, तो गुन्हेगार. मास्टवरचा दिवा अँटेनाच्या शेजारी असल्याने त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. फेराइटचा मणी (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) तारेवर चढवून काहीसा फरक पडतो. नाहीच पडला तर दिवा बदला.

प्रत्येक प्रकारचे दोन सुटे बल्ब, फ्यूज आणि एक स्क्रू ड्रायव्हर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यात ओलावा शोषणारी पुडी टाका. वहीतल्या नकाशाची प्रत, दिव्यांचे नंबर आणि होल्डरच्या नावांसह, स्विच पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवा. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्या फोडू नका आणि बंदरातल्या कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून नाशकात परत आणा आणि घंटागाडीवाल्याला देताना घातक कचरा म्हणून वेगळ्या सांगून द्या.